सत्तेचाळिसाव्या मजल्यावरची चक्कर

माझा भाऊ मनिष वाऱ्याचा इंजिनियर आहे असं मी गावात कोणाला सांगितलं की लोक आधी पवनचक्की समजतात, नाहीतर कूलर. सुरुवातीला मी समजावून सांगायची. मुंबईत पन्नास-साठ मजल्यांच्या इमारती बांधतात ना, त्या बांधायच्या आधी त्यांचं कमरेएवढं मॉडेल करतात, बोगद्यासारख्या लांब खोलीत ठेवतात, मोठाल्या पंख्यांनी त्याच्यावर वारा सोडतात आणि खरी इमारत उभी राहिल्यावर वारा तिला किती ढकलेल ते मोजतात. ते मोजणारा आमचा मनिष. एवढं सगळं ऐकून घेऊन आमची शेजारीण रंभाबाई म्हणाली होती, "म्हंजे पंख्यासमोर बसाचा पगार भेटते का वं त्याले?" तेव्हापासून मी कूलरवरच सोडून देते.

मी हर्षा, त्याची मोठी बहीण. गोसीखुर्दच्या धरणात आमचं जुनं गाव बुडालं. सरकारने वर आणून वसवलेल्या नव्या गावाला काहीतरी नाव आहे, पण आम्ही सगळे त्याला पुनर्वसनच म्हणतो. तिथे मी अंगणवाडी चालवते. माझं सासर आणि माहेर दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे बाबांचं दुखणंखुपणं माझ्याकडे आणि बाबांचा अभिमान मनिषकडे, अशी वाटणी आपोआप झालेली आहे. मी तिच्याबद्दल कुरकुर करत नाही. म्हणजे रोज करत नाही.

आम्ही ढीवर. मासे धरणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. पण बाबांसारखं जाळं फेकणारा आमच्यातही दुसरा नव्हता, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा. त्यांच्याकडे डोंगा होता, म्हणजे एकाच खोडाची कोरून केलेली होडी, इतकी अरुंद की नवखा माणूस बसल्याबसल्या उलटतो. बाबा तिच्यात उभे राहत. एक पाय पुढे, एक मागे, आणि कमरेतून वळून जाळं असं फेकत की ते पाण्यावर पडताना पूर्ण गोल उघडलेलं असायचं. धरण भरलं तशी वैनगंगा नदी राहिली नाही, तिचा समुद्र झाला. वारा सुटला की त्या पाण्यावर लाटा उठतात. पुष्कळांनी धास्ती घेतली, डोंगे सोडून पत्र्याच्या रुंद बोटी घेतल्या आणि बसून मासे धरायला लागले. बाबांनी नाही घेतली. नवं पाणी, नव्या लाटा, त्यांनी पायांना शिकवलं. गाव गेलं, घर गेलं, नदीकाठचं वांग्या-टरबुजाचं वावर गेलं, त्याबद्दल ते कधी रडले नाहीत. सकाळी डोंग्यात उभं राहता येतं ना, मग झालं, असा त्यांचा हिशेब होता.

मग आई गेली. मनिष आला, तेरावं झालं आणि तो म्हणाला, बाबांना काही दिवस माझ्याकडे नेतो. मला बरंच वाटलं. बाबांनी ताराचंदला डोंग्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. ताराचंद म्हणजे बाबांचा पाण्यावरचा सोबती, त्यांच्याहून वयाने लहान, तोंडाने मोठा. ते दिवस ऐन पावसाळ्याचे होते.

मुंबईहून बाबांचा पहिला फोन आला तो मला अजून आठवतो, कारण आई गेल्यावर त्यांच्या आवाजात पहिल्यांदा हसू होतं.

"बाई, इथं मजा आहे वं," ते म्हणाले. "सत्तेचाळीसवा माळा हाये मनिषचा. अन् वारा सुटला का घर डोंग्यावानी हालते!"

"काहीतरीच बाबा," मी म्हणाले.

"अवं खरंच सांगतो. एका अंगानं जाते, मंग थांबते, मंग दुसऱ्या अंगानं येते. सावकाश. माह्या पायाले समजते ना. बिछान्यात पडलो का मले तं जुन्या नदीवर असल्यावानी झोप लागते."

चार-आठ दिवसांनी मीच फोन केला. हसू गेलेलं होतं.

"घर नाई हालत म्हनते मनिष," बाबा म्हणाले. "माहंच डोस्कं हालते म्हनते. चक्कर हाये मले. डाक्टरनं गोळ्या देल्ल्या."

इंजिनियर मुलगा म्हणतो, डॉक्टर म्हणतो, तर आम्ही कोण नाही म्हणणारे? मी म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या.

दिवाळीच्या आधी बाबा परत आले. बसमधून उतरताना त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. घरी आले ते भिंतीला हात लावत लावत. मी म्हटलं प्रवासाचा शीण असेल. पण तो हात भिंतीवरून गेलाच नाही. सायकल बंद झाली. खाटेवर चढून मच्छरदाणीची दोरी बांधणं बंद झालं. ताराचंद एक-दोनदा बोलवायला आला, "डोमाभाऊ, चाला ना गा, मरळ लागून राहिली," म्हणून. बाबांनी त्याला डोंगाच देऊन टाकला.

"तू वापर," म्हणाले. "मले चक्कर हाये. उभ्या पान्यात पडलो तं लोकं म्हनतीन, बुढा मरालेच गेलता."

एकच गोष्ट मला खटकायची. बाबा या सगळ्या काळात एकदाही पडले नाहीत. साधा तोल गेला असंही झालं नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "पडाची वाट पाहू का?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर दुधाने पोळलंही नव्हतं. नुसतं कोणीतरी सांगितलं होतं की पोळलं म्हणून. पण हे मला आता कळतं. तेव्हा मी पवनीच्या मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं आणत राहिले. त्या गोळ्यांनी झोप फार यायची. दुपारभर ओसरीवर खुर्चीत बसून बाबा डुलक्या घ्यायचे आणि जाग आली की आधी वर टांगलेल्या बल्बकडे बघायचे, तो हलतो आहे की आपण, हे ताडून पाहायला. तीन वर्षं असं चाललं. मनिषचा फोन आला की बाबा 'बरा हाये' म्हणायचे आणि मीही गोळ्यांचं रडगाणं त्याला ऐकवायची नाही.

यंदाच्या हिवाळ्यात, धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, आमच्या हायस्कूलचं स्नेहसंमेलन होतं. हेडमास्तरांनी ठरवलं, मनिषला बोलवायचं. पुनर्वसनातला पहिला मुलगा जो एवढा शिकला, त्याचा सत्कार, सोबत वडिलांचाही सत्कार. मनिष आला. एकटाच आला, भावजयीला सुट्टी नव्हती. गावभर भोंगा फिरला. रंभाबाई सुद्धा नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत येऊन बसली, पंख्याचं काय ते एकदाचं ऐकून घ्यायला.

स्टेजवर तीन खुर्च्या. मधे मनिष, एका बाजूला हेडमास्तर, एका बाजूला बाबा, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ. शाल पांघरल्यावर बाबा फारच लहान दिसत होते. स्टेजच्या पायऱ्या चढताना त्यांनी मनिषचा दंड धरला होता. लोकांना ते बापलेकाचं प्रेम वाटलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मनिष बोलायला उभा राहिला. चांगलं बोलतो तो, ते मान्य करायला हवं. पुस्तकी नाही बोलला. एक लांब प्लास्टिकची पट्टी घेतली, तिचं एक टोक टेबलावर दाबून धरलं, दुसरं टोक बोटाने सोडलं, ती थरथरली. "जे जे उंच आहे ते हलतं," तो म्हणाला. "बांबू हलतो, ताड हलतो, इमारतही हलते. जी हलत नाही ती मोडते."

मग म्हणाला, वारा इमारतीला नुसता समोरून ढकलत नाही. तो तिला वळसा घालून जातो तेव्हा मागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "नदीत खुंटा रोवला की त्याच्या मागं भोवरे पडतात, तुमच्यापैकी कोणी पाहिले आहेत?" पोरांचे हात वर झाले. स्टेजवर बाबांचाही हात वर झाला. सगळे हसले. बाबा हेडमास्तरांकडे वाकून काही म्हणाले. ते काय म्हणाले ते हेडमास्तरांनी मला नंतर सांगितलं: "मीच दाखवलो होतो त्याले लहानपनी. डोंग्यात बसवून."

ते भोवरे इमारतीला एकदा इकडे ओढतात, एकदा तिकडे. पाळण्याला बरोबर वेळेवर झोका दिला की तो वाढत जातो, तसं झालं तर पंचाईत. मग ते भोवरे मोडायचे कसे? इमारतीचे कोपरे कापायचे, मधेच एखादा मजला उघडा सोडून वारा पार जाऊ द्यायचा. आणि कधी कधी गच्चीवर पाण्याची मोठी टाकी ठेवायची, अशा मापाची की इमारत डावीकडे गेली की टाकीतलं पाणी उजवीकडे हिंदकळेल आणि तिला मागे ओढेल. पाण्यानेच हलणं थांबवायचं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मीही ऐकत होते. माझा लहान भाऊ, ज्याचं नाक मी पुसलं आहे, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा मोठा वाटला. बाबा तर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. पाण्याची गोष्ट आली तेव्हा त्यांनी दोनदा मान डोलावली.

प्रश्न विचारा म्हटल्यावर दहावीतली प्रतिक्षा उभी राहिली.

"सर, बिल्डिंग हालते तं आतल्या मानसाले समजते का?"

"फार चांगला प्रश्न," मनिष म्हणाला. "आमचं अर्धं काम तेच आहे. इमारत हलली तरी चालेल, माणसाला कळता कामा नये. बहुतेकांना कळत नाही. पण काही लोकांचं शरीर फार तयार असतं. त्यांना कळतं."

"सर, तुमी राहता ते पन हालते?"

"हलते ना!" मनिष हसला. टाळ्यांनी तो फुललेला होता. "मी सत्तेचाळिसाव्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात वारा जोरात असला की आमच्या घरातला टांगलेला दिवा असा..."

हात हलवून दाखवता दाखवता तो बाजूला वळला आणि त्याला बाबा दिसले.

मी त्याचा चेहरा पाहिला. मी शपथेवर सांगते, तोपर्यंत तो विसरलेला होता. सोंग नव्हतं ते. आपण तीन वर्षांपूर्वी बापाला काय सांगितलं ते त्याच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. ते त्याला त्या क्षणी, माईक हातात असताना, तीनशे माणसांसमोर आठवलं. तो कसंबसं "धन्यवाद" म्हणाला आणि खाली बसला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या. इतरांनी थांबवल्या त्याच्यानंतर थांबवल्या.

घरी आलो. ओसरीवर बाबा खुर्चीत बसले, शालीची नीट घडी केली, ती नारळाखाली ठेवली. मग विचारलं, "मंग गोळ्या कायच्या होत्या?"

"बाबा, मी..." मनिष त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"घर हालत होतं ना?"

"हो."

"मले समजत होतं ते खरं होतं?"

"हो बाबा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात ओळखीचा माणूस दिसावा आणि नाव आठवू नये, तसं पाहत होते. मग म्हणाले, "च्या मांड वं बाई," आणि डोळे मिटून घेतले.

मी चहा ठेवला आणि मनिषला मागच्या अंगणात बोलावलं. गॅसवर चहा उकळत होता आणि त्याच्याहून जास्त मी.

"काहून रे?" मी म्हणाले. "काहून सांगतला तू तसं?"

तो आधी इंजिनियरसारखं बोलायला लागला. इमारतीत दोष नव्हता, हलणं नियमात होतं, वगैरे. मी म्हटलं, मी प्रतिक्षा नाही, मला नीट सांग. तेव्हा त्याने सांगितलं. त्या दिवशी घरी सोसायटीचे चार लोक चहाला आले होते. त्यातल्या एकाने नुकताच वरचा फ्लॅट घेतला होता. बाबा मोठ्या आनंदाने त्यांना सांगायला लागले, तुमची बिल्डिंग डोंग्यावानी हालते म्हणून. सगळे चपापून मनिषकडे पाहायला लागले. त्या इमारतीची वाऱ्याची चाचणी मनिषच्याच कंपनीने केली होती.

"हलणं म्हणजे दोष नाही, हे त्या लोकांना पाच मिनिटांत कसं पटवणार होतो मी, बाई? उद्या सगळ्या बिल्डिंगमधे झालं असतं, हालते, हालते. मी पटकन म्हणून गेलो, बाबांना जरा चक्करचा त्रास आहे. ते हसले. विषय संपला."

"त्यांचा संपला."

"मंग बाबाच मले विचारले, का बा, खरंच चक्कर हाये का मले? ते लोक जाऊन राहिले होते दारातून. मी हो म्हणलो. दुसऱ्या दिवशी तुही भावजय त्याहिले डाक्टरकडे घेऊन गेली, तिलेबी खरंच वाटलं. मंग सांगाचं सांगाचं म्हणता राहून गेलं."

मला इतका संताप आला की हातातली सांडशी मी भिंतीवर आपटली. "बाजारातून मीठ आनाचं राहून जाते मनिष," मी म्हणाले. "तुह्यासाठी चार मिनिटाची गोष्ट होती ते. त्याहिनं डोंगा देऊन टाकला रे. आई गेल्यावर तेवढंच होतं त्याहिच्यापाशी."

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, खालचा ओठ पुढे काढून. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलून करणार काय? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चहा उतू गेला होता.

आम्ही आत आलो तेव्हा बाबा जागे होते. ते म्हणाले, "ताराचंदले सांगून ठेव. सकाळी मी येतो मनावं, डोंग्यावर."

मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं. चूक कळली, चक्कर नव्हतीच, आता बाबा उठतील आणि जातील. मनिषने ताबडतोब ताराचंदच्या घरी जाऊन निरोप सांगितला. परत आला तो चेहऱ्यावर रंग घेऊनच. जेवताना त्याने बाबांच्या ताटात तीनदा भात वाढला, आणि बाबांनी तो मुकाट्याने खाल्ला. त्या दिवशी बाबांनी गोळी घेतली नाही.

सकाळी आम्ही पाण्यावर गेलो. बांधाच्या या बाजूला, जिथे जुन्या गावाच्या रस्त्याचा तुकडा सरळ पाण्यात उतरतो, तिथे डोंगे लागतात. वारा अजिबात नव्हता. पाणी असं पडलं होतं की पलीकडचे पळसही त्यात स्वच्छ दिसत होते. ताराचंदने डोंगा धुऊन ठेवला होता. जाळं त्याने स्वतःचं नवं आणलं होतं, आणि त्याच्या तोंडाला खीळ नव्हती.

"आता पाहा म्हणा गा सारे जन! डोमाभाऊ निंगाले. झिंग्याहिले सांगून या पहिले, पळा म्हणा!"

बाबा हसले. धोतर खोचलं, पाण्यात उतरले, डोंग्याच्या काठाला हात लावून थोडा वेळ थांबले. मग बसले आत. ताराचंद मागच्या टोकाला वल्हं घेऊन बसला. काठापासून थोडं आत गेल्यावर तो थांबला. आम्ही दोघं रस्त्याच्या तुकड्यावर उभे. मनिषने माझा हात घट्ट धरला होता.

बाबांनी जाळं दंडावर घेतलं, एक पाय पुढे टाकला आणि उठले. अर्धे उठले. गुडघे वाकलेलेच राहिले. तिथेच ते थांबले, जसं कोणी वरून दाबून धरलं आहे. डोंगा स्थिर होता. बाबांच्या मांड्या थरथरत होत्या, ते काठावरून दिसत होतं. ते खाली बसले. जाळं नीट केलं, पुन्हा उठले. या वेळी जरा जास्त उठले, आणि मग एकदम दोन्ही हातांनी डोंग्याच्या कडा धरून खाली बसले. जाळं दंडावरून सुटून पाण्यात पडलं, गुंडाळलेलं तसंच, आणि बुडायला लागलं. ताराचंदने वाकून ते ओढून घेतलं. 

मनिष ओरडला, "बाबा, तुम्हाले काही नाई! चक्कर नाई तुम्हाले! उठा तुम्ही!"

बाबांनी मान वर केली नाही. ते तसेच कडा धरून बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी ताराचंदला हाताने खूण केली आणि त्याने डोंगा काठाला आणला.

उतरायलाही त्यांना आधार लागला. मनिष बूट-पँटसकट पाण्यात गेला आणि त्यांना धरून बाहेर घेऊन आला. बाबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. पाय ओले, धोतर ओलं. मी पदराने त्यांचे पाय पुसायला लागले. ते पाय पाहून मला वाईट वाटलं. पोटऱ्या उरल्याच नव्हत्या. तीन वर्षं खुर्चीत बसवलेल्या माणसाचे पाय होते ते.

"होईन बाबा," मनिष म्हणाला. "सवय तुटली, एवढंच हाये. मी सुट्टी वाढवतो. रोज येऊ आपण. पहिले काठाजवळ, गुडघाभर पान्यात..."

"नाई होत आता," बाबा म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले. "उभा राहिलो का मनात येते, मी पडतो. पहिले मनात काही येतच नव्हतं ना. पाय आपले उभे राहत होते. आता पायाले मी विचारतो, हालते का? अन् ते मलेच विचारते."

ताराचंद म्हणाला, "डोंगा तुमचाच हाये भाऊ. कधीबी."

"तुहाच हाये गा. मी देल्ला ना."

मनिष त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या पँटमधून पाणी निथळत होतं. "बाबा, मले मारा," तो म्हणाला. "शिव्या द्या. काहीतरी बोला."

"शिव्या कायले देऊ? तुहा धंदा हाये. लोकं घाबरले असते. मी काहीतरी बोललो, तुले अडचन झाली. समजते मले."

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. मग मनिषच्या ओल्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, आवाज अजिबात न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं:

"पन ते लोकं गेल्यावर मले एकट्याले सांगतला असता, का बाबा, हालते, पन कोनापाशी बोलू नोका. तं मी कोनापाशी बोललो असतो का रे?"

मनिष त्यांच्या धोतराचा ओला सोगा पिळायला लागला. बाबांनी त्याला तो पिळू दिला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठले आणि घराकडे चालू लागले.